ज्यांना सीनियर नसतो

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयात कपाटं रिकामी होतात आणि टेबलं फायलींनी भरतात. त्यातली एक फाईल पाचव्या निकषाची. बाहेर पडलेल्या किती मुलांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली, हे तिथे पुराव्यासकट मांडावं लागतं. पुरावा म्हणजे नियुक्तिपत्राची झेरॉक्स. ही फाईल कोणीतरी सांभाळायला हवी म्हणून प्लेसमेंट सेल, आणि सेलला समन्वयक हवा म्हणून मी. रसायनशास्त्र शिकवतो म्हणजे कंपन्यांत ओळखी असणारच, असा तेव्हाच्या प्राचार्यांचा हिशेब होता. ओळखी एकही नव्हत्या. सेलला खोलीही नव्हती. स्टाफरूममधल्या माझ्या खणावर एक पाटी लागली, एवढंच.

आमचं महाविद्यालय खानदेशात, सुरत-भुसावळ लाइनवर. पुण्याचं नाव इथल्या मुलांच्या तोंडी स्पर्धा परीक्षेपुरतं असतं. पोटापाण्याला गाडी पश्चिमेकडे जाते. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, त्यामुळे राज्य ओलांडलं हे कोणाला जाणवतही नाही. उधना आणि लिंबायतमध्ये अहिराणी बोलणारे इतके आहेत, की सुरतेला उतरलेल्या पोराला पहिले आठ दिवस गुजरातीची गरजच पडत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला मुलगा तिथून पुढे अंकलेश्वर, वापी किंवा दहेजला जातो. काही बोईसर-तारापूरला, काही वाळूज-शेंद्र्याला, एखादा थेट गोव्यात वेर्ण्याला.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? झेरॉक्ससाठी जुन्या मुलांना फोन लावत गेलो, तसा एकेक पत्ता कळत गेला. कोणी प्रॉडक्शनला रिॲक्टरवर, कोणी क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबला, कोणी सांडपाण्याच्या ईटीपीला. पत्र मागून झालं की मी सहज विचारायचो, ‘जागा कशी कळली रे?’ बहुतेकांचं उत्तर एकाच साच्यातलं. ‘सर, आपल्या गावचा तो नव्हता का, आमच्या पुढे दोन वर्षं? त्यानं बोलावलं.’ पोर्टलचं नाव कोणी काढत नव्हतं. जाहिरात पाहिलेलेही थोडेच.

यामागची रीत नंतर ध्यानात आली. प्लांटमध्ये एखादा शिफ्ट केमिस्ट राजीनामा टाकतो. त्याची जागा भरल्याशिवाय शिफ्ट चालत नाही, आणि मुंबईच्या ऑफिसातून जाहिरात निघेपर्यंत थांबायला प्लांट मॅनेजरला सवड नसते. तो समोरच्या पोराला विचारतो, ‘तेरे गाँव का कोई है क्या?’ पोरगा जेवणाच्या सुट्टीत गावी फोन लावतो. तिसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ किंवा मित्र सॅक घेऊन गेटवर उभा असतो, आणि आठवड्यात कामाला लागलेला असतो. ही जागा कुठल्याही पडद्यावर कधी उमटतच नाही. नोकरी शोधण्याच्या साधनांवर व्याख्यान द्यायला बाहेरून पाहुणे येतात, त्यांच्या स्लाइडवर संकेतस्थळांची नावं ओळीनं असतात. मुलं निमूट फोटो काढून घेतात. व्याख्यान संपलं की दाराबाहेर एकमेकांना विचारतात, ‘तुझा कोण आहे तिकडे?’

पोर्टलं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. ती ज्याच्यासाठी बांधली आहेत तो विद्यार्थी आणि माझ्यासमोरचा विद्यार्थी, यांत अंतर आहे. आधीच्या पिढीकडे एम्प्लॉयमेंटचं कार्ड असायचं. जिल्ह्याला जाऊन नूतनीकरण केलं नाही तर ज्येष्ठता जायची, म्हणून बाप ते सातबाऱ्याइतकं जपायचा. त्यामागचा कायदा १९५९ सालचा. सरकारी आणि २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन केंद्राला कळवायच्या, असं तो सांगायचा. केंद्राने पाठवलेलाच माणूस घ्यायचा, असं मात्र तो सांगत नव्हता. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या यादीवरच न थांबता वर्तमानपत्रातूनही जाहिरात द्यावी असं म्हटलं, आणि कार्डाचं उरलंसुरलं वजनही ओसरलं. आता जिल्ह्याच्या त्या कार्यालयाच्या पाटीवर कौशल्य विकास आणि उद्योजकताही आली आहे, आणि कार्डाची जागा राज्याच्या महास्वयं पोर्टलवरच्या नोंदणीने घेतली आहे. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे. दोन्हीकडे नोंदणीला पैसे पडत नाहीत. मुलांना मी दोन्हीकडे नोंदवतोच.

पण नोंदवतो म्हणजे काय, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मुलगा जातो. दुकानदार त्याचं आधार कार्ड आणि मार्कशीट घेतो, खाडखाड टाइप करतो, पन्नास रुपये घेतो आणि पावती हातात देतो. ओटीपीची कटकट नको म्हणून मोबाइल नंबर स्वतःचा टाकतो, ई-मेलही दुकानाचाच. सहा महिन्यांनी कोणी त्या मुलाला शोधलंच, तर फोन वाजतो दुकानात, आणि तिथे तेव्हा पीक विम्याचे फॉर्म भरायची रांग असते. बायोडाटाचंही तेच. दुकानात एक तयार नमुना आहे. नाव तेवढं बदलतं. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद क्रिकेट. वर ‘ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून तीन ओळींचं इंग्रजी, जे पोराला स्वतःला वाचून दाखवता येत नाही. तीन वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून त्याने काय काय केलं, याचा त्या कागदावर एक शब्द नसतो. आता पहिल्या सत्रातच प्रत्येकाचा ई-मेल माझ्यासमोर, त्याच्याच फोनवर उघडून घेतो आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावतो. संगणक सुरक्षेचे जाणकार यावर कपाळाला हात लावतील. लावोत.

शोधायचं काय, हा पुढचा पेच. मुलगा शोधाच्या चौकटीत ‘केमिस्ट’ टाकतो आणि त्याच्यापुढे औषधांच्या दुकानातल्या जागा येतात. नुसतं ‘बी.एस्सी.’ टाकलं तर विमा, कॉल सेंटर आणि कर्जवसुली. क्यूसी ॲनालिस्ट, ट्रेनी प्रॉडक्शन, आयपीक्यूए, डॉक्युमेंटेशन ही पदांची नावं त्याच्या घरात, गल्लीत, पुस्तकात कुठेच आलेली नसतात. ती फक्त त्या सीनियरला ठाऊक असतात. म्हणजे फिरून फिरून गाडी तिथेच.

सरकारी भरतीचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. खुल्या गटाला शुल्क १००० रुपये, राखीव गटाला ९००. एका घरातून दोन भावंडांनी तीन-तीन परीक्षांचे फॉर्म भरले की त्या महिन्याचं दुधाचं बिल तिकडेच जातं. तरी मी कोणाला ‘भरू नको’ म्हणत नाही. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला निदान हॉल तिकीट तरी सगळ्यांसारखंच मिळतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या नावाची कार्यप्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना १०,००० रुपये. आमची बरीच मुलं ग्रामपंचायतीत आणि तहसीलच्या टेबलांवर जाऊन बसली. मुदत आधी सहा महिने, मग वाढून अकरा. संपल्यावर पुन्हा माझ्या खणापाशी.

जिथे खरोखर दार उघडं असतं आणि कोणी फिरकत नाही, ती जागा म्हणजे ॲप्रेंटिसशिप. ‘ॲप्रेंटिस म्हणजे आयटीआयवाल्यांचं’ हा समज आमच्या भागात पक्का. १९६१ च्या कायद्याखाली अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट असे दोन ट्रेड आहेत, बोलण्यात एओसीपी आणि एलएसीपी. दोन्हींना बी.एस्सी. चालतं. इंडियन ऑइलच्या रिफायनऱ्या, आरसीएफचे ट्रॉम्बे आणि थळचे कारखाने एओसीपीच्या जाहिराती काढतात. आमच्याच जिल्ह्यात भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माण्या आहेत, आणि आयुध निर्माणीत एओसीपी करून बाहेर पडलेल्यांसाठी डेंजर बिल्डिंग वर्करच्या मुदतीच्या जागा निघत आल्या आहेत. हे आमच्या मुलांना ठाऊक नसतं, आणि निर्माणीच्या भिंतीला लागून ज्यांचं शेत आहे त्यांनाही नसतं. त्याशिवाय पदवीधरांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे. तिच्यात २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. त्याच नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. कंपन्यांनाही गरज असते, हा मुद्दा मुलांच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो. नोकरी म्हणजे कोणाच्या तरी पाया पडून मिळवायची वस्तू, हेच त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

पालकांचा आक्षेप ठरलेला. वर्षभर शिकाऊ, आणि नंतर कंपनी घेईल याची खात्री काय? खात्री नाही. कायदाही ती देत नाही. भविष्य निर्वाह निधीही नाही. मी तसं स्पष्ट सांगतो. पण वर्षाअखेरीला पोराच्या बायोडाटावर पहिल्यांदाच खऱ्या कामाची एक ओळ येते, आणि ‘फ्रेशर’ हा शिक्का पुसला जातो. त्याची किंमत, जो चार दारांवरून ‘एक्स्पीरियन्स है?’ ऐकून परत फिरला आहे, त्याला विचारा. एक नाना मुलाला घेऊन आले होते, कापसाचे शेतकरी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘नऊ हजार तर सालदारले बी पुरत नहीत, सर.’ हिशेब चुकीचा नव्हता. अंकलेश्वरला खोलीचं भाडं आणि मेस यांतच तेवढे जातात. त्या मुलाने कॉन्ट्रॅक्टरकडे बारा तासांची ड्युटी धरली, हातात जास्त पडत होते. मी त्याला चूक म्हणू शकलो नाही; घरी बहिणीचं लग्न ठरलेलं होतं.

बाहेरच्यांना कामगारांचे हे दोन रंग कळत नाहीत. एकाच गेटमधून, एकसारख्याच हेल्मेटमध्ये आत जाणारी दोन माणसं असतात, एक कंपनी रोलवर आणि एक कॉन्ट्रॅक्टरच्या. कामही कित्येकदा एकच. मुलाने फोनवर ‘अमक्या मोठ्या कंपनीत लागलो’ म्हणून सांगितलं की माझा पहिला प्रश्न, ‘पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचं?’ दुसरा, पीएफ कापतात का आणि त्याचा यूएएन नंबर मिळाला का? आणि जॉइनिंगच्या आधी कोणी ‘डिपॉझिट’, ‘युनिफॉर्म चार्ज’, ‘ट्रेनिंग फी’ मागितली, तर रुपयाही न देता मला फोन. मोठ्या कंपनीचं नाव, चोख लेटरहेड आणि खाली जीमेलचा पत्ता असलेलं नियुक्तिपत्र मी आजवर बरंच पाहिलं आहे. सुरुवातीला मुलं ते पेढ्यांसकट घेऊन यायची. आता पेढ्यांच्या आधी दाखवतात.

रविवार हा वॉक-इनचा वार. गुरुवार-शुक्रवारपासून व्हॉट्सॲपवर पत्रकं फिरू लागतात: पद, शिक्षण, अनुभव, वेळ सकाळी नऊ ते एक, हॉटेलचा नाही तर प्लांटचा पत्ता, आणि पुष्कळदा खाली ‘ओन्ली मेल’, म्हणजे फक्त मुलगे. शनिवारी रात्रीच्या गाडीने मुलं निघतात, सुरतेला गाडी बदलतात, स्टेशनवर तोंड धुऊन शर्ट बदलतात आणि रांगेत लागतात. मी काही वेळा बरोबर गेलो. आत काय विचारतात ते बाहेर आलेल्या प्रत्येकाकडून लिहून घेत बसायचो, गेटजवळच्या चहाच्या टपरीवर.

एक प्रश्न इतक्या वेळा निघाला की शेवटी तोच माझा अभ्यासक्रम झाला. ‘नाइन्टी एट परसेंट सल्फ्युरिक से एक लीटर वन नॉर्मल बनाना है, कैसे बनाओगे?’ उत्तर पाठ्यपुस्तकातलं आहे. तीव्र आम्ल साधारण ३६ नॉर्मल, म्हणून एक लीटरला २७-२८ मिलिलीटर. आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग त्यात आम्ल हळूहळू, थंड करत. शेवटी खुणेपर्यंत पाणी. आणि मग प्रमाणित करून पाहायचं, कारण मोजून ओतलं म्हणजे बरोबर एक नॉर्मल झालंच असं नसतं. मुलांना सूत्र यायचं. ‘पहिल्यांदा काय ओतशील?’ म्हटलं की गाडी अडायची. सत्तर टक्क्यांची मुलगी अडायची आणि पंचावन्नचा मुलगाही अडायचा. कारण आपल्याकडच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी ब्युरेट भरतो तेव्हा द्रावण बाटलीत तयारच असतं. ते प्रयोगशाळा परिचराने सकाळी नऊला येऊन बनवलेलं असतं. म्हणजे कंपनीला हवं असलेलं कौशल्य वर्गातल्या साऱ्या मुलांपेक्षा आमच्या परिचराकडे जास्त, आणि त्याचं शिक्षण बारावी.

मग शनिवारच्या दुपारी तृतीय वर्षाची मुलं त्याच्या हाताखाली दिली. द्रावणं मुलं बनवतात, लेबलावर नाव, तारीख, सांद्रता आणि स्वतःची सही घालतात. चुकीचं लिहिलेलं खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची, कारण औषध कंपन्यांच्या लॅबमध्ये व्हाइटनर दिसला तरी गहजब होतो. परिचराला हे भारी आवडलं. तो मुलांना ‘साहेब’ म्हणून हाक मारतो आणि पिपेट धरायची पद्धत चुकली तर साहेबांच्या हातावर टिचकीही मारतो. एचपीएलसीचं यंत्र आमच्याकडे नाही, तितका निधी येईल अशी चिन्हंही नाहीत. पण बफर कसा बनवायचा, पीएच मीटर कोणत्या दोन द्रावणांवर कॅलिब्रेट करायचं, हे हाताला माहीत असलेला मुलगा मुलाखतीत ‘एचपीएलसी पाहिलं नाही, सर’ असं सरळ सांगू शकतो, आणि तरी निवडला जातो.

आता ती गोष्ट, जी मला या कामात सगळ्यात जास्त खुपते. सीनियरची वाट चालते हे खरं, पण ती कोणासाठी चालते? सीनियर आधी बोलावतो तो भावकीतल्याला. मग आपल्या गल्लीतल्याला. मग गावातल्या दुसऱ्या कोणाला. त्यात वाईट हेतू नसतो. परक्या गावात खोली वाटून घ्यायची असते, कोणावर तरी भरवसा ठेवायचा असतो. परिणाम मात्र असा, की ज्या वस्तीतून एक जण पोचला तिथून दहा पोचतात, आणि पाड्यावरून आलेल्या भिल्ल किंवा पावरा मुलाला गुण चांगले असूनही बोलवायला कोणी नसतं. मुलींना तर नसतंच. सीनियर मुलगा वर्गातल्या मुलीला जागा सुचवणार कशी? गावात त्याचा अर्थ वेगळा निघतो. त्यात प्रॉडक्शनला रात्रपाळी, त्यामुळे मुलींना उरते ती क्यूसी लॅब, जनरल शिफ्ट. तिथल्या जागा मुळात थोड्या.

म्हणून मी एक सौदा सुरू केला. कुठल्याही माजी विद्यार्थ्याने जागा असल्याचा फोन केला की सांगतो, एक तुझा, एक माझा. तुझ्या भावाला ने, मी आडवा येत नाही; त्याचा बायोडाटाही नीट करून देतो. दुसरं नाव मी देईन आणि त्याला तू तुझाच समजून गेटपर्यंत नेशील, खोलीवर चार दिवस ठेवशील. काही जणांनी हसून टाळलं. काहींनी ‘सर, माझी गॅरंटी जाते ना’ म्हणून खरी अडचण सांगितली. पुरेशांनी ऐकलं. धडगावकडच्या एका मुलाला असं परक्या गावच्या सीनियरने नेलं. आज तो स्वतः शिफ्ट इनचार्ज आहे आणि सौद्यातलं दुसरं नाव माझ्याकडे न मागता थेट पाड्यावरच्या आश्रमशाळेत विचारतो. माझं नावं सुचवण्याचं काम त्याने कमी केलं.

मुलींच्या बाबतीत सौदा चालेना. तिथे आधी एखादी मुलगीच सीनियर व्हायला हवी होती. जी पहिली गेली तिचे वडील माझ्यापुढे तासभर बसून होते. ‘पोर तठे एकली कशी ऱ्हाई?’ या एका वाक्याभोवती ते फिरत राहिले. शेवटी वापीला राहणारी त्यांची लांबची आत्या सापडली, लॅबची वेळ सकाळी नऊ ते साडेपाच असल्याचं पत्र कंपनीकडून मागवून घेतलं, आणि गाडी हलली. पहिल्या वर्षी तिने घरी सांगितलेलं नव्हतं की महिन्याअखेरीला बॅच अडकली की रात्री आठ वाजतात. पुढे नोकरी बदलली, पगार वाढला, आत्याकडून निघून तिघी जणींनी फ्लॅट घेतला. आता तिच्या विभागात जागा निघाली की ती मला कळवते.

तिच्या अटी कडक आहेत. बायोडाटा दुकानातल्या नमुन्याचा दिसला की ती न वाचता परत पाठवते. लेबल कसं लिहितेस ते फोटो काढून पाठव, म्हणते. आणि सगळ्यात पहिली अट: बापाचा किंवा भावाचा फोन आला तर उचलणार नाही, मुलीने स्वतः करायचा. ‘सर, जी मला फोन करायला घाबरते, ती ऑडिटरपुढे काय बोलणार?’ मला हे जरा जास्तच वाटतं. घरात मोबाइल एकच आणि तो भावाच्या खिशात, अशा मुली आहेत. त्यांना मी स्टाफरूममधला फोन लावून देतो आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहतो. यंदाच्या बॅचमधल्या चौघींनी फोन केला. दोघींना तिने पुढच्या रविवारी बोलावलंय, तिसरीचा बायोडाटा दुरुस्तीला परत आलाय, चौथी एम.एस्सी.ला जायचं म्हणते. बाकीच्या अजून घरी विचारताहेत.